फांदी हातात असावी

“जंगलात काडी एकच असते असं समजाचं, मॅडम,” फागूजी म्हणाले. त्यांनी आगपेटी उघडली, मोजून तीन काड्या आत ठेवल्या, बाकीच्या आपल्या खिशात टाकल्या आणि पेटी माझ्या हातात दिली.

“एकच असते, तर मग या तीन कशाला?”

“एक जाळासाठी. दोन तुमाले धीर यावा म्हणून.”

एवढं बोलून त्यांनी पाण्याचा डबा उचलला आणि ते नाल्याच्या अंगानं वर चालू लागले. पाण्याचा झिरा अर्ध्या तासावर होता. म्हणजे जाऊन येऊन एक तास. तेवढ्यात मी जाळ पेटवायचा, ते आले की चहा ठेवायचा आणि मग उरलेले दोन किलोमीटर चालून प्राणीगणनेचा फॉर्म पुरा करायचा, असं ठरलं होतं.

“या बेहड्याखालीच थांबा. लांब नका जाऊ,” जाता जाता ते म्हणाले.

मी हो म्हटलं. सोळा वर्षांपूर्वीचा जानेवारी होता तो. दोन दिवस अवकाळी भुरभुर लागली होती. पायाखालचा पाचोळा ओल्या फडक्यासारखा झाला होता, आणि असल्या जंगलात एका काडीत जाळ करणं मला तीन महिन्यांत एकदाही जमलं नव्हतं.

मी इचलकरंजीची, कोष्ट्याची पोर. घरात यंत्रमाग. खडखडाटात जन्मले, खडखडाटात वाढले. वनरक्षकाची परीक्षा पास झाले तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले आणि मग हळूच विचारलं, “पण प्रणिता, जंगलात तू करणार काय?” ते मलाही ठाऊक नव्हतं. नेमणूक मिळाली ती थेट राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गोंदियाच्या पुढं कोसमटोला नावाच्या बीटमध्ये. रुजू व्हायला गेले तेव्हा परिक्षेत्र अधिकारी साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, “या बीटमधून दोन गार्ड पळालेत. तिथं फागू कुमरे नावाचा वनमजूर आहे. त्याच्याबरोबर जमलं तर राहाल. नाही जमलं तर सांगा, इथं ऑफिसात टेबल देतो.” टेबल हा शब्द त्यांनी अशा मायेनं उच्चारला की मी त्याच क्षणी ठरवलं, मेले तरी टेबलावर बसणार नाही. माझा स्वभावच तसा आहे. कुणी पायरी दाखवली की मला उडीच मारावीशी वाटते.

फागूजी पंचावन्नच्या आसपासचे, गोंड, कोसमटोल्याचेच. पंचवीस वर्षं रोजंदारीवर. त्या वर्षी कायम करायच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. त्यांची शिकवायची रीत एकच: “पाहा.” काय पाहा, कशाला पाहा, ते नाही. मी चुका करायच्या आणि त्यांनी गप्प राहायचं. पहिल्या आठवड्यात मी केसांना सुवासिक तेल लावून गेले, तर दिवसभर एकही जनावर दिसलं नाही. खाजकुइरीच्या शेंगा किती मऊ दिसतात म्हणून हात लावला आणि दोन दिवस राख चोळत बसले. जमिनीवरचं लाकूड गोळा करून जाळ करायला गेले, तर नुसता धूर. तेव्हा त्यांनी इतकंच केलं: उभ्या उभ्या वाळलेल्या धावड्याची एक फांदी मोडली, कट्‌ असा आवाज झाला, आणि ते म्हणाले, “आइकलं?” जमिनीवरचं लाकूड खालून कुजतं, उभं वाळलेलं आत कोरडं राहतं, हे मला कळायला पुढचे पंधरा दिवस लागले.

त्यांची एक सवय मात्र मी पहिल्या दिवसापासून उचलली होती. चढ सुरू व्हायच्या आधी ते कुठल्याही झाडाची हातभर फांदी मोडून घ्यायचे.

“कशाला ही?”

“हातात असावी.”

मग मीही घेऊ लागले. माझी समजूत अशी की कोळ्यांची जाळी झाडायला ती लागते. मी मोठ्या ऐटीत जाळी झाडत चालायची आणि कंटाळा आला की फांदी कुठंही भिरकावून द्यायची. ते बघायचे. बोलायचे नाहीत.

आणि बेहड्याच्या पुढच्या वळणावर ते नेहमी मागं राहायचे. “तुमी व्हा पुढं, मी आलोच.” या वयाच्या माणसाला मध्येच थांबावं लागतं, असं मी धरून चालले होते. मागं वळून बघायचं नाही एवढी लाज मला होती.

तर त्या दिवशी बेहड्याखाली मी उकिडवी बसले आणि आजूबाजूला कोरडं काही मिळतंय का ते बघू लागले. उभं वाळलेलं एक झाड होतं, पण त्याच्या फांद्या माझ्या हाताच्या हातभर वर. सालईचा डिंक खरवडून आणला. बांबूच्या आतलं सालपट काढलं. पेटवण सगळं तयार झालं, पण जाळाला पोट नव्हतं. वीस मिनिटं गेली. आणि मग, लांब जाऊ नका म्हणून सांगितलेली मी, वळणापर्यंत गेले. वळणाला एक पुरुषभर उंच वारूळ होतं. त्याच्या मागं डोकावले.

तिथं लाकडांचा ढीग होता. माझ्या कमरेएवढा. वरच्या फांद्या ओल्या, काहींवर अजून पानं होती. खाली हात घातला तर आत खडखडीत कोरडं. जुनं, राखाडी पडलेलं, हलकं. मी बघितलं, खरंच बघितलं: साग होता, तेंदू होता, धावडा, मोह, बांबू, सगळ्या जातीचं होतं. सगळं हातभर लांबीचं. कुऱ्हाडीचा घाव एकावरही नव्हता, सगळं हातानं मोडलेलं. कुठं दोरी नाही, वेल नाही, नुसतं सुटं पडलेलं. बाजूला पानाच्या द्रोणात भिजून काळी पडलेली मोहाची फुलं होती आणि एक न ओढलेली विडी.

एवढं बघून मी निष्कर्ष काढला की हे चोरून लपवलेलं सरपण आहे. माझ्या बीटमध्ये, माझ्या नाकाखाली. माझा संताप झाला आणि, खरं सांगते, आनंदही झाला. कारण गार्ड म्हणून जप्ती करायचा मला अधिकारच होता आणि जाळाला पोट मिळालं होतं.

कवेत मावेल तेवढं तीन खेपांत बेहड्याखाली आणलं. उरलेल्या ओल्या फांद्या चोरांना मिळू नयेत म्हणून चहूकडं विस्कटून टाकल्या. विडी झुडपात फेकली. मग पहिली काडी ओढली. डिंकानं पेट घेतला, बांबूनं घेतला, आणि ते राखाडी लाकूड असं धडाडून पेटलं की मी मागं सरले. एका काडीत. मी एकटीच हसत बसले होते.

फागूजी आले ते घाईघाईनं. धूर लांबूनच लागला असावा. दहा पावलांवर ते थांबले. डबा त्यांच्या हातात तिरका झाला होता आणि पाणी सांडत होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते गोंडीत काहीतरी बोलले. माझ्याशी नव्हे.

“एका काडीत,” मी म्हटलं.

त्यांनी जाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “लाकडं कुठली?”

“त्या वारुळामागं. चोरून ठेवलेलं सरपण होतं. वापरलं थोडं, बाकीचं दिलं विस्कटून.”

मला वाटलं होतं, निदान मान तरी हलवतील. ते वळणापर्यंत गेले आणि परत आले. खाली बसले. चहा त्यांनीच ठेवला. पहिला कप भरला आणि जाळाच्या कडेला जमिनीवर हळूच ओतला. दुसरा मला दिला, तिसरा स्वतः घेतला आणि एकेक घोट करत अगदी सावकाश प्यायले.

“माझं काही चुकलं का?”

“नाई,” ते म्हणाले. “जाळ चांगला झाला.”

एरवी निघताना ते जाळावर पाणी ओतायचे, वर माती लोटायचे, हात ठेवून बघायचे. त्या दिवशी ते जाळ आपोआप विझेपर्यंत बसून राहिले. दुपार झाली. फॉर्मवरचे दोन किलोमीटर तसेच राहिले.

“फागूजी, निघू या का?”

“तुमी निघा. वाट ठावूक हाय तुमाले. मी राहतो इथं.”

तीन महिन्यांत त्यांनी मला कधी एकटं सोडलं नव्हतं. मी पाच किलोमीटर एकटी चालत आले, दर पावलाला मागं बघत. क्वार्टरवर पोचले तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. जाळ चांगला झाला, तर मग झालं काय?

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी एकटीनं जमेल तेवढी गणनेची रेषा चालले, दोनदा वाट चुकले, एकदा चितळाच्या इशाऱ्याच्या ओरडण्याला घाबरून झाडाला टेकून अर्धा तास उभी राहिले. चौथ्या दिवशी साहेबांचा निरोप आला: फागू येत नसेल तर गणना संपल्यावर ऑफिसला या, टेबल रिकामं आहे.

हापशीवर गेले तर बायका बोलता बोलता थांबल्या. पण राग माझ्यावर म्हणावा, तर तसंही नव्हतं. जमनाबाईनं रोजच्यासारखी माझी घागर आधी भरून दिली. ही माझ्या क्वार्टरच्या मागं राहायची, मला भाजी द्यायची.

“जमनाबाई, फागूजी आजारी आहेत का?”

“नाई.”

“मग कामावर का येत नाहीत?”

तिनं हापशीचा दांडा धरून ठेवला. “वावरातल्या मांडवात बसला हाय. गावात येत नाई. तुमी नका जाऊ त्याच्याकडं.”

“का?”

“नका जाऊ, मॅडम.”

बाकीच्या बायका जमिनीकडं बघत होत्या. मला काही म्हणजे काही कळेना. मी जाळ केला, आम्ही चहा प्यायलो, आणि गावानं फागूजींना वाळीत टाकल्यासारखं केलं. यांचा संबंध काय? मी पायवाटेवरून गेले तर लांबून ते दिसले. मांडवाखाली गुडघ्यांवर हात टाकून बसलेले. त्यांनी मला बघितलं आणि मान वळवली. ते मला फार लागलं. घरापासून हजार किलोमीटरवर तेवढं एकच माणूस मी आपलं मानलं होतं.

दुखावलेल्या माणसाचं डोकं फार वेगात चालतं आणि हमखास चुकीच्या दिशेनं. त्या दुपारी मी क्वार्टरच्या पायरीवर बसून सगळं जुळवलं. तो ढीग कुणाचा? जो त्या वळणावर दर फेरीला मागं राहतो त्याचा. “लांब नका जाऊ” असं का म्हणाले? मी बघू नये म्हणून. ढीग गेलेला दिसल्यावर बोलती बंद का झाली? माल गेला म्हणून. आणि गाव का रागावलं? गावाचंही सरपण त्यात असणार, आणि त्यांनी ते राखलं नाही. सगळं कसं चपखल बसलं. एक गोष्ट तेवढी बसत नव्हती, तो जमिनीवर ओतलेला चहा. ती मी सोडून दिली.

मग मी गुन्हा नोंदवायचा फॉर्म काढला. माझं अक्षर चांगलं आहे. आरोपीचं नाव, गाव, मालाचा तपशील: मिश्र जातीचं जळाऊ लाकूड, अंदाजे दोन मोळ्या. हा कागद वर गेला की कायम करायच्या यादीतून फागूजींचं नाव उडणार, हे मला नीट माहीत होतं. लिहिताना हात थांबला नाही, असं नाही. पण मी लिहिलं. मला वाटलं, कर्तव्य हेच. आज वाटतं, मला फक्त त्यांनी मान वळवल्याचा सूड घ्यायचा होता.

पाचव्या दिवशी सकाळी, पाऊस उघडल्यावर, त्यांचा जबाब घ्यायला मी मांडवाकडं गेले. मांडव रिकामा होता. शेजारच्या वावरात एक म्हातारी लाखोळीची भाजी खुडत होती.

“फागूजी कुठं गेले?”

“वळणावर. समदे तिकडंच गेले.”

कागद खिशात घालून मी निघाले. चढाशी पोचले तेव्हा घाईत होते. फांदी मोडून घ्यायचं मला सुचलंच नाही.

वारुळाशी पंधरा-वीस माणसं होती. बाया होत्या, म्हातारे होते. प्रत्येकाच्या हातात एक हातभर फांदी. गावचे भूमका मानकूजी, गोंडांचं सगळं देवाधर्माचं बघणारे, वारुळापाशी काठी टेकून उभे होते. फागूजी एकटेच लांब, बेहड्याखाली, मी केलेल्या जाळाच्या काळ्या राखेजवळ बसलेले. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं.

मी जमनाबाईजवळ गेले. “हे काय चाललंय?”

ती हळू आवाजात बोलली. “इथं बुधन पडली होती. फागूजीची बायको. वाघानं नेली. बारा वर्सं झाली.”

मी वारुळामागच्या त्या रिकाम्या जागेकडं बघितलं.

“पंचनामावाले येईपर्यंत आमी तिच्यावर फांद्या टाकून ठेवल्या, उघडी नको पडाले म्हणून. तवापासून जाता-येता जो तो एक फांदी टाकते. पांघरूण हाय ते तिचं.” जमनाबाईनं आपली फांदी या हातातून त्या हातात घेतली. “अन्‌ बारा वर्सांचं पांघरूण यानं जाळून टाकलं.”

“कुणी?”

“फागूनं. सोताच सांगलं त्यानं, गावात येऊन. थंडी वाजत होती म्हणे, मी जाळलं.”

मला एकदम तो ढीग दिसला, ती सगळ्या जातीची लाकडं, जुनी खाली, नवी वर, आणि ती विडी, जी मी झुडपात फेकली होती. वरच्या पानांच्या फांद्यांतल्या निम्म्या तरी रोज माझ्याच डोळ्यांसमोर मोडलेल्या होत्या. आणि कागद खिशातच होता, आरोपीच्या नावासकट.

गप्प राहणं अगदी सोपं होतं. ते त्यांनी माझ्यासाठी सोपं करून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं तर या गावात मला घागरभर पाणी कोण देणार, वाट कोण दाखवणार? मग साहेबांचं टेबल होतंच. मी फागूजींकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते आणि अगदी बारीक मान हलवत होते. नाही म्हणून.

“मी जाळलं,” मी म्हटलं. आवाज इतका चिरकला की मला पुन्हा सांगावं लागलं. “फागूजींनी नाही. मी जाळलं. मला माहीत नव्हतं. मला वाटलं, चोरीचं सरपण आहे.”

जमनाबाई माझ्यापासून एक पाऊल सरली. तेवढंच, पण मला ते दिसलं.

मानकूजींनी बेहड्याकडं तोंड केलं. “फागू, खोटं कायले बोलला तू?”

फागूजी उठले. त्यांना उठायला वेळ लागला. “खोटं नाई बोललो.”

“बाई म्हणते, तिनं जाळलं.”

“जाळलं तिनंच.” ते राखेकडं बघून बोलत होते. “त्या दिवशी बी असाच पाऊस होता. बुधन अन्‌ मी टोपल्यांसाठी बांबू पाहाले आलो होतो. मी म्हणलं, मी पाणी आणतो, तू वाळली लाकडं पाहा, चहा करू. ती गेली वळणावर. मी पाणी घेऊन आलो, तर जाळ नव्हता.” ते थांबले. “या बाईले बी मीच म्हणलं. मी पाणी आणतो, तुमी जाळ करा. त्याच झाडाखाली. बारा वर्सं मी कोणाले इथं जाळ कराले नाई लावला. त्या दिवशी लावला, कायले ते मलेच नाई समजत. अन्‌ पाणी घेऊन आलो, तर जाळ होता.”

त्यांनी पंज्यानं तोंड पुसलं.

“आता तुमीच सांगा, जाळ कोणाचा? माझाच ना.”

एक बाई रडायला लागली. मानकूजी बराच वेळ काठीनं माती उकरत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“तुमची फांदी कुठं हाय?”

“आणली नाही.”

“आणा मंग.”

मी जंगलात शिरले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, त्यामुळं पहिली दोन झाडं कुठली तेही दिसलं नाही. एक फांदी उचलली, ती जमिनीवरची होती, खालून कुजलेली. टाकून दिली. एक ओली मोडली, तीही टाकली. आता सगळ्यात खाली जाईल ते लाकूड टिकायला हवं होतं. शेवटी उभा वाळलेला धावडा सापडला. लोंबकळून, सगळा भार टाकून एक जाड फांदी मोडली. कट्‌ असा आवाज झाला. तो वारुळापर्यंत गेला असणार, कारण मी परत आले तेव्हा सगळे माझ्याच दिशेनं बघत होते.

मानकूजींनी जागा दाखवली. मी ठेवली. मग फागूजींनी आपली ठेवली. त्यानंतर एकेक करून सगळ्यांनी. जमनाबाईनं ठेवताना माझ्याकडं बघितलं नाही. तिला माझी घागर भरायला पुढं दोन महिने लागले, आणि मी तेवढी वाट बघितली.

परतताना वाटेत आम्ही दोघंच राहिलो.

“मला सांगितलं का नाही कधी?” मी विचारलं.

“तुमच्या आधीचे दोन गारड आइकून पळाले. एकाले तर मीच सांगलं होतं.” ते चालत राहिले. “वाघानं माणूस नेला ती जागा दाखवली, तर तुमी एकट्या याल या वाटेनं?”

“आणि गावाला का खोटं, म्हणजे तसं का सांगितलं?”

“मले इथंच राहाचं हाय, मी राहीन कसा बी. तुमाले अजून जंगल शिकाचं हाय.”

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी खिशातून तो कागद काढून त्यांना दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पगाराच्या पत्रकावर बघून बघून स्वतःचं नाव ओळखता यायचं. त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

“हे माझं नाव हाय.”

“हो.”

“कायले?”

मी सांगितलं. सगळं, टेबलापासून ते त्यांनी मान वळवण्यापर्यंत. ते रस्त्यातच उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याबरोबर पुन्हा कधी चालणार नाही, आणि त्यांनी तसं केलं असतं तर मला काही बोलायला जागा नव्हती.

“मॅडम,” ते म्हणाले, “चोर मोळी बांधते. सुटं कोणी ठेवत नाई. अन्‌ चोर एका झाडाले भिडते, ते खाली पाडते, कुऱ्हाडीनं. पंचवीस झाडांची एकेक फांदी हातानं मोडून कोणता चोर आणते?”

“मी बघितलं होतं. सगळं बघितलं होतं.”

“नाई. तुमी वाळलं हाय का तेवढं पाहिलं.” कागदाची घडी घालून त्यांनी तो मला परत दिला. “पेटीत काड्या किती राहिल्या?”

मी आगपेटी काढून उघडली. “दोन.”

“ठेवा तुमच्याजवळ,” ते म्हणाले आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते क्वार्टरच्या फाटकाशी उभे होते, जणू मधले चार दिवस झालेच नव्हते. चढाच्या आधी त्यांनी फांदी मोडली. मीही मोडली. वाटेत कोळ्यांची जाळी लागली, ती मी हातानं बाजूला केली. बेहडा मागं पडला, वारूळ दिसायला लागलं, तसा सवयीनं माझा पाय उचलला. मी पुढं निघाले.

“थांबा,” फागूजी म्हणाले. “बरोबर जाऊ.”